जॅकेट कोणत्या गोळीसाठी, एवढं तरी सांगा

प्रति,
मा. गृहमंत्री, मा. अपर मुख्य सचिव (गृह) आणि मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य

विषय: पोलादी गाभ्याच्या गोळ्या, बुलेटप्रूफ जॅकेटची चाचणी आणि तिची माहिती दडवून ठेवण्याबाबत

महोदय,

मी आपल्याच खात्यात आर्मरर होतो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. थ्री-नॉट-थ्री रायफलीपासून इन्सास रायफलीपर्यंतची हत्यारं माझ्या हातून साफ होऊन, तपासून ड्यूटीवर गेली आहेत. आता माझा मुलगा राज्यातल्या एका जिल्ह्यात शिपाई आहे. मध्यंतरी एका बंदोबस्तासाठी त्याला बुलेटप्रूफ जॅकेट मिळालं. आतल्या पट्टीवरची अक्षरं घामाने पुसट झालेली, उत्पादनाचं साल वाचता येत नव्हतं आणि ते कोणत्या गोळीपर्यंत टिकतं याचा तर पत्ताच नव्हता. त्याने भांडारात विचारलं. उत्तर मिळालं, "सगळ्यांना हेच दिलंय, घाल."

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जॅकेटं किती, किमतीला किती, पुरवठादार कोण, यातलं काही विचारलं नव्हतं. या जॅकेटची चाचणी कोणत्या काडतुसावर झाली, एवढा एकच प्रश्न होता. सुरक्षेचं कारण देऊन तो नाकारला गेला.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या साहेबांशी माझं भांडण नाही, त्यांनाही वरून आलेलं सामानच वाटायचं असतं. पण ज्याच्या छातीवर जॅकेट चढवायचं त्याच्यापासूनच ते काय थांबवतं हे लपवायचं, ही गोष्ट मला गुपचूप गिळता येत नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता उघड लिहितो आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलं थोडं आधी सांगतो, कारण हे पत्र इतरही वाचणार आहेत. कार्बाइनची ९ मिमी गोळी आणि एके-४७ ची ७.६२ मिमी गोळी तराजूत टाकली तर दोन्हींचं वजन जवळपास सारखं भरेल, साधारण आठ ग्रॅम. फरक वेगाचा. ९ मिमीची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर जाते, एकेची सातशेच्या आसपास. वेग दुपटीजवळ गेला की मार तिप्पट-चौपट होतो. पिस्तुलाची गोळी अडवायला खास धाग्यांचे एकावर एक थर पुरतात. रायफलीच्या गोळीला ते पुरत नाहीत, तिथे कडक प्लेट घालावी लागते, बहुधा सिरॅमिकची. प्लेटने गोळी फोडायची आणि मागच्या थरांनी तिचे तुकडे धरायचे, अशी ही वाटणी असते.

यानंतर प्रश्न येतो गोळीच्या पोटात काय आहे याचा. शिशाचा गाभा आदळला की चपटा होतो. मऊ पोलादाचा गाभा त्याहून टिकतो. कडक केलेल्या पोलादाचा गाभा मात्र चपटा व्हायचं नाव घेत नाही. भिंतीवर ओल्या मातीचा गोळा मारणं आणि खिळा मारणं यात जो फरक, तोच हा. बाहेरून बघून तो कळत नाही. फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, काही जण चुंबक लावतात आणि 'स्टील कोअर आहे' असं जाहीर करून टाकतात. पण चुंबक मऊ पोलादालाही चिकटतं, आणि काही गोळ्यांच्या तर वरच्या कवचातच पोलाद असतं. तेव्हा 'हे जॅकेट एके-४७ ची गोळी थांबवतं' हे वाक्य कंत्राटात कितीही ठसठशीत लिहिलेलं असलं तरी अर्धवट आहे. एकेची कोणती गोळी, किती अंतरावरून आणि एकाच प्लेटवर कितव्यांदा लागलेली, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२६/११ ला आपल्या माणसांनी काय घेऊन कोणाला तोंड दिलं ते पुन्हा सांगायला नको. तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. हेमंत करकरे यांच्या अंगावरच्या जॅकेटचं पुढे काय झालं हे कविताताई करकरे यांना माहितीच्या अधिकारात विचारावं लागलं, आणि ते जॅकेटच गहाळ झाल्याचं उघड झालं. ज्या वस्तूच्या दर्जावर अख्खा महाराष्ट्र प्रश्न विचारत होता, ती वस्तू तपासायला जागेवर नव्हती. शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला जे विचारत फिरावं लागलं, ते शिपायाला जिवंतपणी विचारता यावं, माझं म्हणणं याहून फार वेगळं नाही.

खात्याने चांगलं केलं तेही लिहितो. २०१७ मध्ये राज्यासाठी आलेल्या सुमारे ४,६०० जॅकेटांपैकी १,४३० जॅकेटं एके-४७ च्या चाचणीत नापास झाली आणि ती कानपूरच्या उत्पादकाला परत पाठवली गेली. वर्तमानपत्रांत आकड्यांसकट हे छापून आलं, खात्याच्या अधिकाऱ्यांनीच ते सांगितलं. नापास माल परत करायला आणि तसं उघड म्हणायला धमक लागते, आणि तेव्हा ती दिसली. त्या वेळी कोणी असं म्हणालं नाही की यामुळे राज्याची सुरक्षा धोक्यात आली. मग आज एका शिपायाच्या बापाने एका जॅकेटबद्दल विचारलं तर ती धोक्यात कशी येते?

त्या खेपेतली जी तीन हजारांवर जॅकेटं पास झाली, त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी आहे. एक तर अशा जॅकेटांची हमी साधारण पाच वर्षांची असते, म्हणजे त्या हिशेबाने मुदत २०२२ मध्येच संपली. दुसरं, बुलेटप्रूफ जॅकेटसाठी भारतीय मानक ब्युरोचं स्वतःचं मानक, आयएस १७०५१, आलं २०१८ मध्ये. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या ठरवलेल्या आहेत आणि कोणत्या पातळीला कोणती गोळी झाडायची हे लिहिलेलं आहे. म्हणजे ही जॅकेटं मानक येण्याआधीची. आज नव्या मानकावर ती कुठे बसतात, हे कोणी झाडून पाहिलं आहे का?

याच काळातली आणखी एक तारीख आठवून द्यायची आहे. ३१ डिसेंबर २०१७, काश्मीरमधलं लेथपोरा. सीआरपीएफच्या तळावर जैशच्या अतिरेक्यांनी हल्ला केला, पाच जवान गेले. तिथे कडक पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचं आणि बुलेटप्रूफ ढालही भेदली गेल्याचं पुढे आलं. आपली जॅकेटं परत गेली त्यानंतर काही आठवड्यांतलीच ही गोष्ट. लष्कराने २०१८ मध्ये १ लाख ८६ हजार जॅकेटांचं कंत्राट केलं, त्यात पोलादी गाभ्याच्या गोळीचा विचार केलेला होता. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओ या केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेने मानकातल्या सर्वांत वरच्या, सहाव्या पातळीचं हलकं जॅकेट तयार केल्याचं जाहीर केलं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर बनणारं 'भाभा कवच' हैदराबादच्या मिधानी कंपनीत तयार होतं. तंत्र आपल्याकडे आहे, त्यातलं काही तर मुंबईतच जन्मलेलं आहे. राज्याच्या पोलिसाने यापैकी काय घातलेलं असतं, हे मात्र सांगायचं नाही!

'पातळी जाहीर केली तर शत्रूला कळेल,' हे उत्तर मी नोकरीतही ऐकलं आहे. कोणत्या ठाण्यात किती जॅकेटं आहेत हे जाहीर करा असं मी म्हणत नाही, तसं कोणी करूही नये. पण मानक उघड आहे, कोणालाही मिळतं. लष्कर आणि डीआरडीओ आपल्या जॅकेटांची पातळी पत्रक काढून सांगतात. अमेरिकेत तर तिथली न्याय संशोधन संस्था कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल चाचणीत पास झालं याची यादीच लोकांसमोर ठेवते. लेथपोऱ्याला जे आले होते त्यांनी आपल्याकडे माहितीचा अर्ज केला नव्हता, ते पोलादी गाभ्याच्या गोळ्या घेऊनच आले होते. लपवण्याने अंधारात राहतो तो फक्त आपला माणूस.

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून तिथला वाद थोडा सांगतो, कारण आपल्याला त्यातून घेण्यासारखं आहे. १९६० च्या दशकात ओहायोमधल्या तिघांनी एक गोळी तयार केली, तिघांच्या आडनावांवरून तिला केटीडब्ल्यू म्हणत. गाडीचा दरवाजा भेदून आतल्या गुन्हेगाराला लागावी म्हणून पोलिसांसाठीच ती बनवली होती. पुढे १९८२ मध्ये टीव्हीवरून बोंब झाली की ही गोळी पोलिसांचीच जॅकेटं भेदते. तिच्यावर टेफ्लॉनचा मुलामा होता, म्हणून सगळं खापर टेफ्लॉनवर फुटलं. खरं तर भेदण्याचं काम आतला कडक धातू करत होता, टेफ्लॉन होतं ते बंदुकीची नळी घासू नये म्हणून. न्यूयॉर्क पोलिसात २३ वर्षं काढलेले आणि कर्तव्यावर अनेकदा जखमी झालेले मारिओ बियाजी तेव्हा खासदार होते, त्यांनी हा विषय लावून धरला. २८ ऑगस्ट १९८६ ला अध्यक्ष रेगन यांच्या सहीने अशा गोळ्यांविरुद्ध कायदा झाला.

पण त्या कायद्याने गोळी ठरवली ती धातूवरून: टंगस्टन, पोलाद, पितळ वगैरे गाभा असलेली आणि पिस्तुलातून झाडता येईल अशी. शिकारीच्या रायफलीची साधी गोळीही बिनप्लेटचं मऊ जॅकेट भेदते, तिला हात लावला तर शिकारी बिथरतील, म्हणून अशी वाट काढली. परिणाम असा की वाद पुढची तीस वर्षं व्याख्येवरच फिरत राहिला. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथल्या बंदूक नियंत्रण खात्याने एम८५५ या हिरव्या टोकाच्या ५.५६ मिमी गोळीला या कायद्यातून असलेली सूट काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. ऐंशी हजारांवर प्रतिक्रिया आल्या, बहुतेक विरोधातल्याच, आणि मार्चमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. जाता जाता सांगतो, त्या गोळीचं घराणं आपल्या इन्सासच्या गोळीला जवळचं आहे, आणि इन्सासची गोळी आपल्या भुसावळजवळच्या वरणगावात बनते.

आपल्याकडे सामान्य माणसाला असली काडतुसं परवान्यावर मिळत नाहीत, हे चांगलंच आहे आणि तसंच राहावं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यातली 'प्रतिबंधित दारूगोळा' ही व्याख्या वाचून पाहा. विषारी वायू, रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड, पाणसुरुंग, सगळं आहे. चिलखत भेदणाऱ्या गोळीचा मात्र त्या कलमात शब्दाने उल्लेख नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणतीही वस्तू त्यात घालू शकतं, असं तेच कलम सांगतं. तेव्हा राज्याने केंद्राकडे लिहावं, आणि लिहिताना अमेरिकेसारखं धातूच्या नावांत अडकू नये. आयएस १७०५१ च्या अमुक पातळीची प्लेट जी गोळी भेदते ती चिलखतभेदी, इतकी सरळ कसोटी ठेवावी. मग गाभा कशाचाही असो.

कायद्याने सीमेपलीकडून येणारी गोळी थांबणार नाही, हे मलाही कळतं. कायदा ज्यांना लागू पडतो ते लोक वेगळे आहेत आणि त्यातले काही आपल्याच गणवेशात असतात. ६ एप्रिल २०१० ला दंतेवाड्यात ताडमेटल्याला सीआरपीएफ आणि पोलिसांचे ७६ जवान मारले गेले. त्याच महिन्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफ या विशेष पथकाने रामपूरला काडतुसांची चोरटी विक्री पकडली. सरकारी शस्त्रागारांतली काडतुसं आणि पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, नक्षलवाद्यांपर्यंत जात होत्या, असा आरोप होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने २४ जणांना दहा वर्षांची शिक्षा दिली, त्यातले बहुतेक पोलीस, पीएसी (उत्तर प्रदेशचं सशस्त्र पोलीस दल) आणि सीआरपीएफमधले होते. शस्त्रागारात आयुष्य काढलेल्या माणसाला ही बातमी वाचताना काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकता. गुन्हा पकडायला आणि शिक्षा व्हायला मध्ये तेरा वर्षं गेली, हे वेगळंच.

अशी गळती कुठून होते ते मी सांगतो. सरावाच्या दिवशी राऊंड मोजून निघतात आणि पुंगळ्या मोजून परत याव्यात असा नियम आहे. बटवर गवत वाढलेलं असतं, पाऊस असतो, चार-दोन पुंगळ्या सापडत नाहीत. मग 'शोध घेतला, मिळून आल्या नाहीत' असा कागद होतो. बहुतेक वेळा तो कागद खरा असतो. पण जिथे कोणाला खोटा कागद करायचा असेल तिथे हीच फट पुरते, कारण सराव झाला की नाही, किती झाला, हे पुंगळीच्या संख्येवरूनच ठरतं. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं. वाटपाच्या नोंदीशी परत आलेल्या पुंगळ्यांच्या खुणा आणि सालं ताडून पाहिली, तर चोरलेल्या काडतुसाच्या जागी बाहेरून आणून भरती केलेली पुंगळी लगेच उघडी पडते. आज बहुतेक ठिकाणी फक्त आकडा जुळवतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला नवीन यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, कदाचित म्हणूनच ते कोणी मनावर घेत नाही.

जॅकेट जुनं होण्याबद्दलही लिहायलाच हवं. २००३ मध्ये अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याचं जॅकेट घातलेल्या पोलिसांना गोळ्या आरपार लागल्या. तपासात निघालं की उष्णतेने आणि दमटपणाने तो धागा कमजोर होतो. २००५ मध्ये तिथे झायलॉनची मान्यता काढून घेतली गेली. आपली जॅकेटं झायलॉनची नाहीत. पण कोकणातला पावसाळा, विदर्भातला उन्हाळा आणि पत्र्याच्या खोलीतलं भांडार, यात कोणताही धागा किती वर्षं तसाच राहतो, हे दरवर्षी काही नग फोडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सिरॅमिकची प्लेट तर गाडीतून उतरवताना आपटली तरी आतून तडकू शकते. बाहेरच्या कापडावर ओरखडाही दिसत नाही. ट्रकमधून जॅकेटं कशी फेकतात ते मी पाहिलं आहे.

महिला पोलिसांचं तर विचारूच नका. राज्यात भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, पण जॅकेट अजून पुरुषाच्या छातीवर बेतलेलं. ते नीट बसत नाही, काखेत फट राहते, वाकलं की वर सरकतं. त्या मुली तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की बंदोबस्तातून नाव निघतं.

एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगतो, म्हणजे हे पत्र एकतर्फी वाटणार नाही. सगळ्यांना सर्वांत वरच्या पातळीचं जॅकेट द्या, ही मागणी वेडेपणाची आहे. जास्त पातळी म्हणजे जास्त वजन. नाकाबंदीला बारा तास उभ्या असलेल्या बीट मार्शलवर जड प्लेटा चढवल्या तर तो पहिल्या तासाभरातच त्या काढून दुचाकीवर टांगेल. गडचिरोलीच्या जंगलात दिवसभर चालणारा सी-६० या नक्षलविरोधी पथकाचा जवान वजन बघूनच काय घ्यायचं ते ठरवतो, आणि ते चूक नाही. तिथे आता शरणागती वाढल्या आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवून आला, याचा आनंदच आहे. पण 'आता धोका उरला नाही' म्हणून खरेदीची फाइल मागे सरकवायला ते निमित्त होऊ नये. कामाप्रमाणे पातळी ठरवा. मात्र ठरवलेली पातळी त्या माणसाला सांगा, म्हणजे कुठे पुढे जायचं आणि कुठे आडोसा धरायचा हे त्याला ठरवता येईल. ९ मिमीसाठी बनवलेलं जॅकेट घालून एकेसमोर उभा राहणारा शिपाई शूर नसतो, त्याला फसवलेलं असतं.

तेव्हा मागण्या अशा:

प्रत्येक जॅकेटच्या आत न पुसली जाणारी मराठी पट्टी शिवा. त्यावर आयएस १७०५१ ची पातळी, कोणत्या काडतुसावर चाचणी झाली, उत्पादनाचा महिना आणि बाद करण्याची तारीख असावी. २०१८ च्या आधीच्या जॅकेटांवर 'नव्या मानकावर तपासलेले नाही' असं स्पष्ट लिहा आणि त्यांचे काही नग काढून कडक पोलादी गाभ्याच्या गोळीवर झाडा. किती पास, किती नापास, हा आकडा २०१७ सारखाच जाहीर करा.

मुदत संपलेली जॅकेटं भांडारातून बाहेर काढून नष्ट करा. ती 'तात्पुरती' म्हणून पुन्हा वाटली जातात, हे बंद करा.

महिला पोलिसांसाठी वेगळ्या मापाची खरेदी पुढच्याच निविदेत घाला.

चिलखतभेदी दारूगोळ्याच्या व्याख्येसाठी केंद्राकडे पत्र पाठवा आणि त्याची प्रत लोकांना वाचू द्या.

पुंगळ्यांचा हिशेब खूण आणि साल धरून घ्या, आणि तो तपासायला दुसऱ्या जिल्ह्याचा आर्मरर पाठवा.

आणि माहिती अधिकारात जॅकेटच्या चाचणीबद्दल विचारलं तर संख्या आणि ठिकाण झाकून बाकी उत्तर द्या, असं परिपत्रक काढा. माझा अर्ज अपिलात आहे, तोवर निदान एवढं व्हावं.

जुनी जॅकेटं उसवायला, प्लेटा तपासायला, नोंदी ताडून पाहायला माणसं कमी पडत असतील तर निवृत्त आर्मरर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बोलावलंत तर मानधन न घेता येऊ. फक्त तपासणीचा निकाल त्याच दिवशी हजेरीत वाचून दाखवायची परवानगी द्या.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार (आर्मरर)